सिद्धगड ते कोतवालवाडी : आझाद दस्त्याच्या वारशाची वाटचाल

संस्थेची वाटचाल लिहायची तर नोंदणीच्या तारखेपासून सुरुवात करण्याची रीत आहे. नेरळच्या कोतवालवाडी ट्रस्टच्या बाबतीत ती रीत अपुरी पडते. ज्यांच्या नावाने ही संस्था उभी आहे, त्या भाई कोतवालांचे बलिदान स्वातंत्र्याच्या साडेचार वर्षे आधीचे. ज्या कामाचा वारसा ती सांगते, ते काम तर त्याहूनही जुने. आझाद दस्ता म्हटले की विजेचे मनोरे पाडणारी तरुणांची तुकडी डोळ्यांसमोर येते आणि त्यात चूक काहीच नाही. पण मनोरे पाडण्याआधी याच मंडळींनी शाळा चालवल्या होत्या आणि धान्याची कोठी उभी केली होती. पुढे त्यांची आठवण जपणाऱ्यांनी या दोन्ही बाजू वेगवेगळ्या हातांनी सांभाळल्या. ही हकीकत त्या सर्व हातांची आहे.

आरंभ माथेरानचा. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले आणि साहेबांना थंड हवेची आणखी एक जागा मिळाली. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांनी नेरळहून वर छोटी रेल्वे नेली. वर बंगले वाढले. त्या बंगल्यांना पाणी, सामान, घोडे आणि माणसे पुरवणारी कष्टकरी वस्तीही त्यांच्याबरोबर वाढली. याच वस्तीतल्या एका गरीब नाभिक कुटुंबात १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. प्राथमिक शाळेपुढे माथेरानात शिकण्याची सोय नव्हती, म्हणून मुलाला पुण्याला आत्याकडे पाठवण्यात आले. तिथे वाडिया कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली, पुढे कायद्याचा अभ्यास केला आणि ते वकील झाले. अशा मुलाने शहरात सनद लावून बस्तान बसवले असते तर कोणी नावे ठेवली नसती. ते गावाकडे परतले. १९३५ मध्ये इंदूताईंशी त्यांचा विवाह झाला. माथेरानच्या नगरपालिकेत ते निवडून गेले आणि उपनगराध्यक्षही झाले. 'भाई' ही ओळख त्यांना याच काळात मिळाली.

माथेरानच्या पायथ्याचा कर्जत तालुका तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. पाऊस भरपूर, पीक मात्र एकच, भाताचे. तेही बहुतेकांचे कुळवहिवाटीचे. कापणी झाली की खंड आणि आदल्या वर्षीची देणी खळ्यावरूनच उचलली जात. उरलेले भात शिमग्यापर्यंत, फार तर वैशाखापर्यंत पुरे. पेरणीनंतर आषाढ-श्रावणात चूल पेटती ठेवायला सावकाराकडून खावटी घ्यावी लागे आणि ती सुगीला दिढीदुपटीने फेडावी लागे. ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर तर हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या चाललेले. खावटी फिटत नाही म्हणून पोरगा सावकाराच्या घरी गुरांमागे, आणि पोरगा गुरांमागे म्हणून शाळा नाही, अशी ती गाठ होती.

भाईंनी ही गाठ दोन्ही टोकांनी सोडवायला घेतली. शेतकऱ्यांनीच सुगीत थोडे थोडे धान्य घालून कोठी भरायची आणि पावसाळ्यात गरजूंनी त्यातून माफक वाढीने उचल घ्यायची, अशी धान्यपेढीची योजना त्यांनी राबवली. सावकाराच्या पडवीत ताटकळण्याची पाळी त्यामुळे टळू लागली. दुसरीकडे गावोगाव स्वयंसेवी शाळा निघाल्या. सरकारी शाळा जिथे पोहोचली नव्हती, तिथे थोडेफार शिकलेला तरुण मास्तर झाला. देऊळ, पडवी, झाडाखालची जागा, जी मिळेल ती शाळा. या मास्तरांची पायपीट हे त्या काळातले सर्वांत मोठे भांडवल म्हटले पाहिजे. कोण कुठल्या गावचा, कोणाच्या घरी पाहुणा उतरवता येईल, कुठली पायवाट कुठल्या घाटाला लागते, हे सारे त्यांना पाठ होते. पुढच्या घडामोडींत या माहितीचे मोल मोठे ठरले. भगत मास्तर, मानिवलीचे गोमाजी पाटील आणि त्यांचा मुलगा हिराजी ही नावे याच कामातून पुढे आली.

आता थोडे विजेविषयी सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय दस्त्याच्या कामगिरीचा अर्थ लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांना सह्याद्रीच्या पाण्याची वीज द्यायची ही जमशेटजी टाटांची कल्पना. लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून पाणी अडवायचे आणि घाटाच्या कड्यावरून मोठ्या नळांनी खाली सोडायचे, म्हणजे त्या उतारावरच जनित्रे फिरतात. १९१५ मध्ये खालापूर तालुक्यातील खोपोलीचे वीजघर सुरू झाले, १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे. यांपैकी भिऱ्यासाठी मुळशीत धरण बांधताना सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता, हे महाराष्ट्र जाणतोच. या वीजघरांतून निघालेल्या तारा लोखंडी मनोऱ्यांवरून, भातखाचरे आणि माळ ओलांडत मुंबईकडे जात. ज्या गावांच्या डोक्यावरून त्या जात, त्या गावांत मात्र रॉकेलची चिमणीच होती. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्या आणि कारखाने युद्धाच्या मागणीसाठी राबत होते, आणि त्यांचा प्राण कर्जत-खालापूरच्या या उघड्या माळावरून चालला होता.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेत्यांची धरपकड सुरू झाली. भाई कोतवालांनाही अटक होणार हे उघड होते. ते भूमिगत झाले. शाळांचे मास्तर, तरुण शेतकरी आणि आदिवासी अशी सुमारे पन्नास जणांची तुकडी त्यांच्याभोवती जमली. तीच आझाद दस्ता. (पुढच्या वर्षी जयप्रकाश नारायण यांनी नेपाळच्या सीमेवर याच नावाचे दल उभारले, कर्जतचा दस्ता त्याच्या आधीचा आणि वेगळा.) नियमित सैन्याची शिस्त, गणवेश किंवा पगार असले काही नव्हते. शस्त्रेही तुटपुंजी होती. जमेची बाजू एकच, आणि ती म्हणजे सगळा मुलूख ओळखीचा होता.

मनोरा पाडणे हे ऐकायला सोपे वाटते. हे मनोरे म्हणजे लोखंडी पट्ट्यांचे आडवेतिडवे विणलेले सांगाडे, चार पाय काँक्रीटच्या चौथऱ्यांत घट्ट रोवलेले. त्यांच्या पायांचे लोखंड करवतीच्या पात्याने, रात्रीच्या अंधारात, तासन्‌तास कापावे लागे. पाते तापून तुटले की दुसरे लावायचे. लोखंडावर करवत चालल्याचा आवाज शांत माळावर दूरवर जातो, म्हणून टेहळणीला माणसे ठेवावी लागत. ज्या बाजूला मनोरा कलंडणार ती आधी हेरायची, पाय कापून होत आले की त्या बाजूने दूर व्हायचे, आणि वर विजेने भरलेल्या तारा आहेत हे विसरायचे नाही. यांतले कोणी ना अभियंते होते ना तारतंत्री. आदल्या वर्षापर्यंत हीच मंडळी पाटीवर बाराखडी गिरवून घेत होती किंवा खाचरात चिखलणी करत होती. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत दस्त्याने अकरा मनोरे पाडले. मुंबईच्या कारखान्यांचा वीजपुरवठा खंडित होऊ लागला आणि कर्जतच्या डोंगरात काहीतरी शिजते आहे याची सरकारला खात्री पटली.

मग पाठलाग सुरू झाला. भाईंना पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले. मनोऱ्यांवर पहारे बसले आणि हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्यावर शोधाची जबाबदारी आली. गावांत झडत्या होऊ लागल्या. दस्त्याला आता खालच्या गावांत राहणे अवघड झाले. वाड्यापाड्यांवरच्या माणसांनी त्यांना भाकरी पोहोचवली, निरोप पोहोचवले, आडवाटा दाखवल्या. या माणसांची नावे कुठल्याही ताम्रपटावर नाहीत. बक्षिसाची रक्कम त्यांच्या कित्येक वर्षांच्या कमाईहून मोठी असताना त्यांनी तोंड उघडले नाही, एवढीच त्यांची नोंद.

भीमाशंकरच्या रांगेला लागून, ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्याच्या हद्दीत सिद्धगडाचे जंगल आहे. डिसेंबरअखेर दस्ता तिथे आश्रयाला होता. अखेर पोलिसांना माग लागला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉलच्या तुकडीने मुक्कामाला वेढा घातला. गोळीबारात हिराजी पाटील पडले. भाई जखमी झाले, आणि जखमी अवस्थेतच त्यांना जवळून गोळी घालण्यात आली. तिसावे वर्ष पूर्ण होऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता. गोमाजी पाटलांनी शाळेच्या आणि दस्त्याच्या कामासाठी मुलाला पुढे केले होते, तो मुलगा त्या पहाटे गेला. कर्जत तालुक्यात आजही 'भाई आणि हिराजी' ही नावे जोडीनेच घेतली जातात. नुसते एकच नाव घेतले तर ऐकणारा दुसरे पुरे करतो.

दस्ता विखुरला. काही जण पकडले गेले, काही पांगले. बेचाळीसच्याच चळवळीतून निघालेले साताऱ्याचे प्रतिसरकार १९४६ पर्यंत टिकले, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत त्याला ऐसपैस जागा मिळाली. कर्जतच्या दस्त्याला पाच महिनेही मिळाले नाहीत, आणि पुस्तकांतली जागाही त्याच मापाने मिळाली. हे माप न्याय्य नाही. प्रतिसरकारामागे न्यायदान मंडळे, ग्रामसंघटना आणि तुफान सेना होती म्हणून ते टिकले, असे म्हटले जाते. कर्जतमध्ये त्याच धर्तीची गावपातळीवरची बांधणी बेचाळीसच्या आधीच सुरू झाली होती. तिला वेळ मिळाला नाही, एवढाच फरक.

स्वातंत्र्यानंतर खरा प्रश्न होता तो या बांधणीचे काय करायचे, हा. स्मारकाचा दगड उभा करणे सोपे. भाईंनी हाती घेतलेली शाळा आणि शेती यांची कामे कोणी पुढे न्यायची? नेरळचे स्वातंत्र्यसैनिक हरिभाऊ भडसावळे यांनी ती जबाबदारी अंगावर घेतली. भाईंच्या नावाने नेरळजवळ कोतवालवाडी वसली आणि कोतवालवाडी ट्रस्ट उभा राहिला. संस्थेने डोळ्यांसमोर ठेवली ती परिसरातली आदिवासी आणि शेतकरी कुटुंबे, म्हणजे तीच माणसे, ज्यांच्यासाठी कोठी आणि शाळा निघाल्या होत्या. हुतात्म्याच्या नावाची संस्था काढायची आणि त्याच्या पुतळ्याभोवती वर्षातून दोन कार्यक्रम करायचे, हा मार्ग खुला होता. कोतवालवाडीने तो घेतला नाही, हे तिच्या वाटचालीतले सर्वांत महत्त्वाचे वळण.

काम सोपे नव्हते. भात कापून झाले की आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर निघत, ती पावसाच्या तोंडावर परतत. मूल जूनमध्ये शाळेत बसवावे आणि नोव्हेंबरमध्ये त्याचा पाट रिकामा दिसावा, हे दरवर्षीचे. भट्टीवाल्याची उचल पावसाळ्यातच घेतलेली असे. म्हणजे सावकार बदलला होता, खावटीचे चक्र तेच होते. कर्जत-खालापूरमध्ये सामाजिक काम करणाऱ्या प्रत्येकाला या भिंतीशी झगडावे लागले आहे. कायदे झाले, आश्रमशाळा झाल्या, रस्ते झाले, पण स्थलांतर थांबवायचे तर गावातच दुसऱ्या हंगामाचे काम उभे राहिले पाहिजे, हे अनुभवाने सर्वांच्या ध्यानात येत गेले.

दुसरीकडे सिद्धगडाची परंपरा चालू राहिली. दरवर्षी २ जानेवारीला तिथे बलिदान दिन पाळला जातो. आदल्या संध्याकाळपासून मुरबाड, कर्जत, कल्याण अशा सर्व बाजूंनी माणसे जमू लागतात. पायथ्याशी थंडी कडाक्याची असते. शाळांची मुले, गावोगावची मंडळे, ज्येष्ठ नागरिक, अंधारातच वाट धरणारे ट्रेकर अशी सगळी गर्दी. सूर्योदयाच्या आधी, ज्या वेळी गोळ्या झाडल्या गेल्या त्या सुमाराला ज्योत पेटवली जाते आणि पोलीस दल हुतात्म्यांना मानवंदना देते. ज्या खात्याच्या बंदुकांनी हे दोघे पडले, त्याच खात्याचे आजचे शिपाई बंदुका उंचावून सलामी देतात; त्याचा कुणी मुद्दाम उच्चार करत नाही, पण जाणत्यांच्या लक्षात येतेच. हा कार्यक्रम एका जिल्ह्याचा नाही. भूमी मुरबाडची, हुतात्मे कर्जतचे, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या स्मारक समित्या, ग्रामपंचायती आणि कार्यकर्ते यांचा तो सामायिक मान आहे. मानापमान आणि राजकीय व्यासपीठे अशा समारंभांना चिकटतातच, इथेही ती चिकटली. पण पहाटेची वेळ आणि चढाची वाट यांमुळे नुसते मिरवायला येणारे आपोआप कमी होतात.

मुंबईनेही आपल्या परीने आठवण ठेवली. दादरला प्लाझा चित्रपटगृहासमोरचे वीर कोतवाल उद्यान हे त्यांच्याच नावाचे. रोज लाखो माणसे त्याच्या कठड्याजवळून जातात, 'प्लाझाला भेट' म्हणून तिथेच एकमेकांची वाट पाहत उभी राहतात, आणि त्यांतल्या फारच थोड्यांना हे कोतवाल कोण हे ठाऊक असते. १९८० च्या दशकाच्या आरंभी राज्य सरकारने महाराष्ट्रभर दोनशेहून अधिक हुतात्मा स्मारके बांधली. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले आणि चिरनेरच्या १९३० च्या जंगल सत्याग्रहाबरोबर सिद्धगडच्या हुतात्म्यांचे स्मरणही जिल्ह्याच्या अभिमानाचा भाग बनले. माथेरान, नेरळ, मानिवली या गावांनी आपापली स्मरणस्थळे जपली. जानेवारी २०२० मध्ये 'शहीद भाई कोतवाल' हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. तोवर हे नाव फक्त कर्जत-मुरबाडपुरते मर्यादित होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, पण नव्या पिढीतल्या अनेकांनी ते पहिल्यांदा पडद्यावर ऐकले हे खरे. दोनच वर्षांत स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव आला आणि २ जानेवारी २०२३ रोजी बलिदानाला ऐंशी वर्षे पूर्ण झाली.

कोतवालवाडीच्या परिसरात मात्र या काळात सर्वांत मोठी घडामोड झाली ती भाताच्या खाचरात. हरिभाऊंचे चिरंजीव चंद्रशेखर भडसावळे परदेशात कृषिशिक्षण घेऊन नेरळला परतले. त्यांनी सगुणा बाग उभी केली. शेतकऱ्याच्या घरी पाहुणा उतरवून शेती दाखवण्याचा, म्हणजे आज ज्याला कृषी पर्यटन म्हणतात त्याचा, हा महाराष्ट्रातील अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक. पुढे तिथेच भातलागवडीचे सगुणा तंत्र आकाराला आले आणि एसआरटी या नावाने ते ओळखले जाऊ लागले.

या तंत्राचे महत्त्व कळायला कोकणातली रीत आठवावी लागते. उन्हाळ्यात पालापाचोळा, गोवऱ्या, फांद्या शेतात पसरून राब भाजायचा. पावसात त्यावर रोप टाकायचे. खाचरात पाणी तुंबले की नांगर-फळी घालून चिखलणी करायची. मग कंबर मोडेपर्यंत वाकून आवणी करायची. राबासाठी जंगल तुटते, चिखलणीने मातीचा पोत जातो, आवणीला माणसे मिळत नाहीत. एसआरटीत यांतले काहीच नाही. एकदा कायमचे गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोके पाडायची आणि त्यांत बी टोकायचे. नांगरणी नाही, चिखलणी नाही, आवणी नाही. तण आवरण्यासाठी तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो आणि त्यावर जाणकारांत मतभेद आहेत, तेही नोंदवले पाहिजेत. पण कापणीनंतर मुळे तशीच जमिनीत राहू देतात. ती कुजून माती भुसभुशीत होते, गांडुळे परततात आणि शेताचा खर्च उतरतो. घरातली दोन माणसेही पेरणी उरकू शकतात, ही गोष्ट मजूर न परवडणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला विशेष पटली. नेरळहून हे तंत्र महाराष्ट्रातल्या इतर भातपट्ट्यांतही पोहोचले. सगुणा रूरल फाउंडेशनतर्फे त्याचे प्रशिक्षण दिले जाते. कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांपासून गावच्या प्रयोगशील शेतकऱ्यांपर्यंत अनेकांनी ते पुढे नेले.

कर्जत-खालापूरला त्याचा आणखी एक उपयोग झाला. भात निघाल्यावर त्याच वाफ्यांवर, नांगर न घालता, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल किंवा हरभरा टोकता येतो. या भागातल्या वालाला तशीही मागणी आहे. थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा भाजून पोपटी लावायला शहरातून माणसे येतात. ज्या घराला असा दुसरा हंगाम मिळाला, त्या घराला दिवाळीनंतर भट्टीची उचल घेण्याचे कारण उरत नाही आणि त्या घरचे मूल नोव्हेंबरमध्येही वर्गात बसलेले असते. अशी घरे अजून थोडी आहेत. वाड्या पुष्कळ आहेत. दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, वाफे आखायचे आणि साचे दुरुस्त करायचे काम सुरू होते, ते यंदाही ठरल्या वेळी सुरू होईल.